मुठीमुठीचे भांडवल

काही महिन्यांपूर्वी खातेगांवहून भाच्याचा फोन आला. खातेगांव म्हटले तर आपल्या गोव्यातल्या वाचकाला काही बोध होणार नाही, म्हणून आधी पत्ता सांगतो. मध्य प्रदेशात इंदूरहून बैतूलकडे जाणारा रस्ता विंध्याचा घाट उतरतो, कन्नौद लागते आणि मग नर्मदेच्या काळ्या मातीच्या सपाट पट्ट्यात खातेगांव येते. देवास जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. तिथून पंधराएक किलोमीटरवर नेमावर, म्हणजे थेट नर्मदाकाठ. एकेकाळी हा मुलूख होळकरांच्या इंदूर संस्थानात होता, त्यामुळे मराठी घरे अजून इकडेतिकडे आहेत. माझी एक मावसबहीण फोंड्याहून अशाच एका घरात दिली, त्याला आता तीसेक वर्षे झाली.

भाचा इंदूरला इंजिनियर झाला, दोन वर्षे पुण्यात नोकरी केली आणि गावी परतला. त्या भागात गहू-हरभरा निघाला की उन्हाळ्यात पाण्यावर मूग घेतात. शेतकरी मूग मंडीत विकतो, आणि तोच मूग कुठल्या तरी शहरात डाळ होऊन चढ्या भावाने त्याच्याच गावच्या दुकानात परत येतो. भाच्याला तिथेच छोटी डाळ मिल घालायची आहे. मशीन, शेड, विजेची जोडणी आणि पहिल्या हंगामाचा माल धरून अठरा लाखांचा अंदाज. पदरी साडेतीन लाख.

"मामा, बँकवाले विचारतात, गहाण काय ठेवता? घर आईच्या नावावर आहे, ते मला ठेवायचं नाही. म्हणून क्राउडफंडिंग करतो आहे. तीनशे लोक, प्रत्येकी पाच हजार. वर्षाला बारा टक्के देईन. तुम्ही पहिले."

कागदावर विनातारण कर्जाच्या योजना आहेत, मुद्रा योजना २०१५ पासून आहे, हे त्यालाही ठाऊक होते. पण ज्याने अजून डाळीचे एक पोतेसुद्धा विकलेले नाही त्याला देताना बँक हात आखडता घेते, हा त्याचा अनुभव. मी "बघतो" म्हणालो. आपल्या घरांत "बघतो" म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नकोच! पाच हजार रुपये ही काही मोठी रक्कम नव्हती. तरी जीभ अडखळली. का अडखळली, याचा विचार करताना जे सुचत गेले, ते इथे मांडतो आहे.

गेल्या वर्षी बहिणीकडे गेलो होतो तेव्हा ती आम्हाला नेमावरला घेऊन गेली. काठावर सिद्धनाथाचे परमारकालीन दगडी देऊळ आहे आणि जवळच सिद्धोदय हे जैनांचे मोठे तीर्थ उभे राहते आहे. आचार्य विद्यासागर यांच्या प्रेरणेतले हे काम. ते मूळचे आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे. २०२४ साली त्यांचे निर्वाण झाले. एवढा दगड, एवढी माणसे, पैसा येतो कुठून, असे मी विचारले, तर मेव्हणे म्हणाले, "दानातून आणि बोलीतून." पहिला कलश कोणी करायचा, आरती कोणी करायची, याची बोली लागते. सर्वांसमक्ष रक्कम पुकारतात, जास्त बोलेल त्याला मान मिळतो, आणि पैसा तीर्थाला जातो.

मी म्हटले, ही तर आमची पावणी! आपल्या गोव्यात देवळात उत्सव झाला की देवाला आलेली केळ्यांची फणी, नारळ, देवीची साडी यांची पावणी होते. बाजारात चाळीस रुपयांना मिळणारा नारळ तिथे चार हजारांना जातो आणि घेणाऱ्याला आपण फसलो असे वाटत नाही. उलट पुढची दहा वर्षे तो त्या नारळाची गोष्ट सांगतो. वास्कोच्या दामोदर सप्ताहात बाजारातल्या एकेका व्यवसायाचे लोक वर्गणी काढून आपापला पार काढतात, तेही यातलेच. अनेकांनी थोडे थोडे घालून मोठे काम उभे करणे आपल्याला कोणी अमेरिकेतून येऊन शिकवायला नको.

मग पावणीला सैल होणारा हात शेजारच्या मुलाच्या धंद्याचे नाव काढताच का आवळतो? "देवाचे पुण्य मिळते, धंद्याचे काय मिळणार," हे उत्तर सोपे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. कारण आपल्याच माणसांनी धंद्यासाठीसुद्धा मूठ उघडलेली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे नावाच्या एका शाळामास्तराच्या डोक्यात एक वेड शिरले. देशातल्या प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून स्वदेशी उद्योग उभे करावेत! याचे नावच पडले पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली. वाचकहो, त्या पैशाचा हिशेब एकदा करून पाहा. तेव्हाचे चौसष्ट पैसे म्हणजे एक रुपया. एक लाख माणसांनी एकेक पैसा दिला तरी जमतात पंधराशे साडेबासष्ट रुपये! एवढ्यासाठी लाख माणसांच्या दारात जायचे. व्यवहारी माणूस हसला असेल. पण १९०८ साली पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशी जाऊन काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथले पहिले तज्ज्ञ होते. तिथे काच तयार होई आणि काच करणारी माणसेही तयार होत. तळेगावात शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत पसरले. परदेशी काचेवर जगणाऱ्या देशात ही गोष्ट लहान नव्हती.

त्याच सुमारास आपल्या पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली. नावातच सगळे आले. घराघरांतून मूठभर तांदूळ गोळा करायचे आणि त्यावर मराठी शाळा चालवायची. परक्या राजवटीत ज्यांच्यापाशी रोकड नव्हती त्यांच्या घरी निदान तांदळाचे मडके होते. शाळा हा धंदा नव्हे, हे मान्य. पण मूठ तीच.

पुढे नगर जिल्ह्यातल्या लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना साखर कारखान्याचे भाग घ्यायला लावले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते. १९५० सरताना प्रवरेचा कारखाना उसाचे गाळप करू लागला. केवळ शेतकऱ्यांच्या भागांवर कारखाना झाला असे कोणी म्हणणार नाही. सरकारचा आणि वित्तसंस्थांचा मोठा पैसा त्यात आला. पण तो आला तो शेतकऱ्यांनी आपले पैसे आधी घातले म्हणून. चार पैसे घालायला गाव तयार आहे, हे दिसल्यावर मोठ्या तिजोरीची कुलपे उघडतात. या चळवळीचे पुढे कुठे कुठे काय झाले, सभासदांचा कारखाना एकेका घराण्याचा कसा झाला, हे आपण जाणतोच. ते का झाले याकडे मी पुढे येतो.

श्याम बेनेगल यांचा 'मंथन' १९७६ सालचा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांत चित्रपट झाला. त्या शेतकऱ्यांचा पैसा ठेवलेला होता विश्वासाच्या जागी. त्यांची दूध संघाशी रोजची ओळख होती. सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाई, स्निग्धांश तपासला जाई, पैसे हातात पडत. रोज हिशेब देणाऱ्याने एकदा दोन रुपये मागितले, तर कोण नाही म्हणणार?

इथेच मला माझ्या अडखळण्याचे कारण सापडले. ते आमच्या घरातले आहे.

सत्तरच्या दशकात वडिलांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आंबा आणि अननस डब्यात भरण्याचा कारखाना काढायचे ठरवले. गाव सांगत नाही, नावही नाही. ओळखीपाळखीच्या चाळीसेक माणसांनी पैसे घातले. वडिलांनी पाचशे रुपये दिले. त्यांचा तेव्हाचा पगार त्याहून कमी होता. कागद नव्हता, फक्त शब्द होता. पहिल्या चवथीला अननसाच्या फोडींचे चार डबे घरी आले. आम्ही मुलांनी ते शेजाऱ्यांना दाखवत दाखवत खाल्ले. दुसऱ्या चवथीला काही आले नाही. तिसऱ्या वर्षी ते गृहस्थ बाजारात वडिलांना बघून दुसऱ्या रस्त्याला वळू लागले. कारखाना बंद पडला हे आम्हाला बसमध्ये तिसऱ्याच माणसाकडून कळले. दोघे आयुष्यभर एकमेकांशी बोलले नाहीत. वडील शेवटी शेवटी एकदा म्हणाले होते, "पैसे गेले त्याचे काही नाही रे. धंद्यात जातात. पण त्याने एकदा घरी येऊन सांगायला हवे होते."

पावणीत आणि त्या कारखान्यात फरक काय होता? पावणीत रक्कम सर्वांसमक्ष पुकारली जाते. कोणी किती दिले हे गावाला ठाऊक असते, आणि त्या पैशाचा जमाखर्च महाजनांपुढे मांडावा लागतो. हिशेब चुकला तर भांडायला गाव आहे. कारखान्यात मात्र चाळीस माणसांनी पैसे घातले आणि ती चाळीस माणसे कधी एका खोलीत बसली नाहीत. प्रत्येकाचा व्यवहार एकट्याचा, कुजबुजीतला. म्हणून तो बुडाला तेव्हा प्रत्येकजण एकेकटा बुडाला. साखर कारखान्यांचेही बऱ्याच ठिकाणी हेच झाले. सभासदाला भागाचा कागद मिळाला, पण वार्षिक सभेत उभे राहून प्रश्न विचारायची सवय सुटली.

आता आजच्या क्राउडफंडिंगकडे येऊ. अमेरिकेत २००९ साली किकस्टार्टर सुरू झाले, तेव्हापासून हा शब्द जगभर झाला. तिथली मूळ रीत सरळ आहे. मी अमुक वस्तू करणार आहे, तुम्ही आधी पैसे द्या, वस्तू झाली की पाठवतो. ठरलेली रक्कम मुदतीत जमली नाही तर कोणाचेच पैसे कापले जात नाहीत. आपल्याकडेही २०१०च्या आगेमागे मिलाप, केट्टो यांसारखे मंच आले. तिथे सर्वांत जास्त दिसतात त्या इस्पितळाच्या बिलासाठी मारलेल्या हाका. नव्या धंद्यासाठी पैसे मागणारे थोडे. म्हणजे इथेही आपली मूठ दयेला उघडते, धंद्याला आवळतेच.

कायद्याचाही यात भाग आहे. लोकांकडून पैसे घेण्याचे चार वेगळे मार्ग आहेत: दान, वस्तूसाठी आगाऊ रक्कम, कर्ज आणि धंद्यातला भाग. चारांना चार वेगळे नियम. इंटरनेटवरून सर्वसामान्यांना कंपनीचे भाग विकण्याची मुभा अमेरिकेने २०१२ साली कायदा करून दिली आणि २०१६ पासून ती अमलात आली. भारतात सेबीने २०१४ साली यावर चर्चेचा मसुदा काढला, पण तशी परवानगी आजही नाही. २०१६ साली तर अशा विनापरवाना मंचांपासून सावध राहा, असा इशाराच सेबीने गुंतवणूकदारांना दिला. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार खासगी रीतीने भाग देऊ करायचे तर वर्षभरात साधारणपणे दोनशेच माणसांपर्यंत जाता येते. व्यक्तीने व्यक्तीला कर्ज देण्याचे ऑनलाइन मंच २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आहेत. आणि अमुक टक्के देतो असे सांगून चारचौघांकडून ठेवी गोळा करणे २०१९च्या कायद्याने गुन्हा ठरू शकते. नातलगांकडून घेतलेले कर्ज त्यात येत नाही, पण तीनशे माणसांना बारा टक्क्यांचे वचन म्हणजे सरळ विस्तवाशी खेळ.

हे नियम जाचक आहेत, नव्या मुलांचे पाय ओढणारे आहेत, असे भाचा म्हणाला. काही अंशी खरेही आहे. ज्या देशात पैसा फंडाला लाख माणसांकडे जाता आले, तिथे आज त्याला दोनशेच्या पुढे जाता येऊ नये? पण दामदुप्पट योजनांत म्हातारपणाची पुंजी घालवलेली माणसे मी आपल्या गोव्यात पाहिली आहेत. कुंपण उगाच घातलेले नाही.

शिवाय याच देवास जिल्ह्यात, खातेगांवच्या शेजारच्या बागली भागात, या कुंपणातून रीतसर वाट काढलेली आहे. तिथे समाज प्रगती सहयोग ही संस्था अनेक वर्षे काम करते आहे. तिच्या बचत गटांतल्या बायकांनी मिळून २०१२ साली राम रहीम प्रगती प्रोड्यूसर कंपनी उभी केली. आपल्या शेतातला माल एकत्र करून ही कंपनी विकते आणि मालकी त्या बायकांचीच आहे. शेतकऱ्यांच्या अशा उत्पादक कंपन्यांची तरतूद कायद्यात २००२ साली झाली. तिथे सभासदांच्या संख्येला वरची मर्यादा नाही आणि व्यक्ती सभासद असतील तर भाग कितीही असोत, मत एकच. म्हणजे गर्दीला मालक करण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. अट एकच, ती गर्दी उत्पादकांची हवी. बागलीच्या त्या बायका आधी कित्येक वर्षे गटात बसून दर महिन्याला दहा-वीस रुपये मोजत होत्या, एकमेकींना कर्ज देत होत्या, वसूल करत होत्या, आणि कंपनी त्यानंतर आली. भाग विकण्याआधी हिशेबाची सवय आली, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

कोणी म्हणेल, धंदा बुडाला तर हिशेब घेऊन काय चाटायचा आहे? माझे म्हणणे असे की नवे धंदे बुडणारच. दहांतले निम्मे बुडतील. मग तोटा कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे. घर गहाण टाकून काढलेला धंदा बुडाला तर एक कुटुंब रस्त्यावर येते, त्या घरातली आई रडते आणि त्या गावात पुढची वीस वर्षे कोणी धंद्याचे नाव काढत नाही. तीनशे माणसांचे प्रत्येकी पाच हजार बुडाले तर तीनशे घरांत एक संध्याकाळ चुकचुकण्यात जाते. तोटा पुष्कळांत वाटला जातो, ही मला अशा भांडवलाची मोठी खूण वाटते. पण तो वाटून घ्यायला माणसे तयार होतात ती त्यांना वेळेवर सांगितले तरच. लपवलेला तोटा वाटला जात नाही. तो नाती खाऊन टाकतो. चवथीचे चार डबे खाल्लेला मुलगा म्हणून हे मी खात्रीने सांगू शकतो.

आठ दिवसांनी मी भाच्याला फोन केला. म्हटले, पाच हजार देतो, पण तीन अटी आहेत. पहिली, प्रत्येकाकडून घेतोस ते दान, आगाऊ, कर्ज की भाग, हे कागदावर लिही आणि एका चार्टर्ड अकाउंटंटला दाखव. दुसरी, ज्याला पाच हजार बुडाले तर जेवण गोड लागणार नाही, त्याच्याकडून घेऊ नकोस. तिसरी, दर महिन्याच्या पाच तारखेला सर्वांना एकदम हिशेब पाठव. एकेकट्याला नको, सर्वांना एकदम. नफा असो, तोटा असो, मशीन बंद असो.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तिसरी अट सगळ्यांत कठीण आहे." मुलगा समजूतदार आहे, हे मला तेव्हा कळले.

बारा टक्के त्याने सोडून दिले. जवळच्या नातलगांकडून कर्ज, तेही लेखी. बाकीच्यांकडून डाळीसाठी आगाऊ पैसे: दोन हजार आज द्या, मूग निघाल्यावर ठरलेली डाळ घरपोच. अठरा लाखांची मिल नऊ लाखांवर आणली आणि मोठे मशीन पुढच्या वर्षावर ढकलले. मूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन पुढे उत्पादक कंपनी करता येते का, हे विचारायला तो बागलीलाही जाऊन आला.

परवा पाच तारखेला त्याचा दुसरा हिशेब आला. सत्तर माणसांच्या समूहावर सर्वांना एकाच वेळी. मशीनचा बयाणा दिला. शेडच्या पत्र्यांना अंदाजापेक्षा अकरा हजार जास्त गेले, चूक माझी, भाव आधी विचारला नव्हता. वीज जोडणी अजून नाही. शिल्लक इतकी. खाली कोणी तरी इंदूरच्या आजोबांनी लिहिले होते, "पत्रे कुठून घेतले? माझ्या ओळखीचा दुकानदार आहे." आणखी एकाने पावतीचा फोटो मागितला होता आणि भाच्याने तो टाकलाही होता.

मिल चालेल की नाही, मला सांगता येणार नाही. पण यंदाच्या चवथीला डाळ आली नाही, तर का आली नाही हे मला बसमधल्या तिसऱ्या माणसाकडून कळणार नाही, एवढे नक्की. पाच हजारांत मला तेवढे पुरे आहे.